घर, बोडी आणि पहिली झड: २०२५ च्या प्रकल्प नोंदी

८ मार्च, शनिवार

सकाळी सहाला नागपूर सोडलं, उमरेड-भिवापूर करत पावणेनऊला गावात. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे लाईन २०१९ मध्ये बंद झाली तेव्हापासून गाडीशिवाय गत्यंतर नाही. चहा व्हायच्या आधीच घराला एक फेरी मारली. हातात पेचकस, खिशात खडू. जिथं काम निघेल तिथं फुली. गेल्या साली अकरा फुल्या होत्या, यंदा सत्तावीस.

घराची हकिगत एकदा लिहून ठेवतो. आमचं गाव नागभीड तालुक्यातलं. मालगुजारी गेली त्याच सुमारास, १९५१-५२ च्या आगेमागे, आजोबांनी हे घर बांधलं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, येनाचे (ऐनाच्या लाकडाचे) खांब, सागवानी मयाल (आडवी तुळई), वर देशी कवेलू (कौलं). पुढं सपरी (पडवी), मागं सांदवाडी (परसबाग), बाजूला ढोरांचा कोठा. गावाबाहेर साडेतीन एकर धानाच्या बांध्या (बांध घातलेले तुकडे) आणि त्यांच्या डोक्याशी बोडी (शेताचं छोटं तळं). मोठेबाबा आणि मोठी आई, म्हणजे थोरले काका-काकू, इथंच राहतात, शेती चुलतभाऊ पाहतो. मी शनिवार-रविवारचा पाहुणा. पैसे माझे आणि उचापतीही माझ्याच.

दक्षिणेच्या भिंतीला पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तर रिकामा डबा वाजावा तसा आवाज. ही भिंत माझीच करणी. २०२१ मध्ये, लॉकडाऊननंतर अंगात काम संचारलं होतं तेव्हा, बाहेरून तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं आणि खाली भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा ओतला. दर साली मातीनं छाबायची (लिंपायची) कटकट कायमची मिटली असं तेव्हा मीच सांगत फिरत होतो. मोठेबाबा त्या वेळी सुपारी कातरत बसले होते, काही बोलले नव्हते. आजही मी ठोकत होतो तेव्हा सुपारीच कातरत होते.

९ मार्च, रविवार

माणसं पाहायला गेलो. कवेलू फेरणारे दोघे भाऊ गेल्या साली याच दिवसांत लागले होते, म्हणून मीही निर्धास्त होतो. मोठा म्हणाला, "भाऊ, मोह पडाले लागला. आता कोन येते कामाले?" पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं, उन्हं चढेपर्यंत मोहाची फुलं वेचायची, मग अंगणभर वाळत घालायची. एप्रिलचा मध्य उजाडेपर्यंत घरात एक माणूस मोकळं नाही. मोह संपला की थोडी उसंत, की लगेच तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं तोडणं.

वेळापत्रक मी नागपुरात बसून एक्सेलमध्ये केलं होतं. त्यात मोह नव्हता, तेंदू नव्हता.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचा दुसरा दिवस. कवेलू मिळाले, तेही जवळपास फुकट. वरच्या मोहल्ल्यात एकाचं घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडून स्लॅब टाकतोय. शासनाचे एक लाख वीस हजार, वरचे त्याचे स्वतःचे. उतरवलेले कवेलू ढीग करून पडले होते. "घेऊन जा, मले काय करायचे हायेत?" म्हणाला. तरी ट्रॉलीच्या भाड्याशिवाय वर पाचशे रुपये दिले.

नवे देशी कवेलू आता आसपास कोणी करत नाही. शेजारच्या गावच्या कुंभाराचं चाक सुरू आहे, पण ते माठ-पणत्यांपुरतं. म्हणजे आमच्यासारख्यांची छपरं दुसऱ्यांच्या मोडलेल्या छपरांवर चाललीत. घरकुलं पूर्ण झाली की हा साठाही संपेल. म्हणून गरज नऊशेची असताना दोन हजार आणले आणि कोठ्यामागं उभे रचून ठेवले. आडवे रचले की खालचे फुटतात, हे मागं एकदा शिकलोय.

एकेक वाजवून पाहिला. चांगला कवेलू बोटाच्या पेरानं टिचकी मारली की खणकन बोलतो. तडा गेलेला बद्द बोलतो. अडीचशे बद्द निघाले. ते फोडून सांदवाडीच्या वाटेवर टाकायला ठेवले.

२३ मार्च, रविवार

काल आणि आज दक्षिणेची भिंत. माणसं नाहीत, मी आणि चुलतभाऊ दोघंच.

छिन्नी लावायची गरजच पडली नाही. प्लास्टरच्या वरच्या कडेत पहार घालून जरा उचललं तर पलंगाएवढा पत्रा एकसंध सुटून अंगावर आला. मागं भिंत सुकी असेल असं वाटत होतं. मार्च महिना, पाऊस जाऊन पाच महिने झालेले. पण प्लास्टरमागची माती बोटानं खरवडता येत होती, शिऱ्यासारखी. प्लास्टर आणि माती यांच्या मधल्या बोटभर फटीत उधईचे (वाळवीचे) रस्ते, खालपासून वरपर्यंत, शिवणीच्या टाक्यांसारखे.

काय झालं ते आता उघड दिसतं. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि उन्हात बाहेर टाकते. तिला ओढू दिलं आणि टाकू दिलं तर शंभर वर्षं उभी राहते. मी बाहेरची वाट बंद केली. ओल अडली, वर चढली, तीन फुटांच्या वर आतल्या बाजूला पांढरे क्षार फुटले. त्याला आम्ही दोन वर्षं "रंग खराब निघाला" म्हणत होतो आणि रंगाच्या दुकानदाराला शिव्या देत होतो. काँक्रीटच्या पट्ट्यानं तर आणखी कमाल केली. वळचणीचं पाणी त्यावर आपटून थेट भिंतीवर उडायचं.

कोपऱ्यातला खांब पाहायचा राहिला होता. चुलतभावानं खिशातला चाकू काढून बुडाशी टेकवला आणि नुसता दाबला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. वर निम्म्या छपराचा भार त्याच खांबावर.

मोठेबाबा काठी टेकत आले, पाहिलं, म्हणाले, "सिमिटानं भित घुसमटते पोरा." मी म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणे, "तू विचारलं कुठं? तू तं सांगून रायला होता."

संध्याकाळ व्हायच्या आत दोन बल्ल्यांचा (लाकडी वाशांचा) टेका लावला. रात्री सपरीत कोणी झोपायचं नाही असं ठरलं. मोठी आई तरी झोपलीच.

३० मार्च, रविवार. पाडवा

काम नाही. गुढी, कडुनिंब, पुरण. दुपारी वाढईबुवा (सुतार) पान खायला म्हणून आले आणि खांब बघून गेले. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले. मोह वेचायला त्यांची सून जाते, ते मोकळे आहेत. ही माहिती मला तीन आठवडे आधी कोणीतरी द्यायला हवी होती.

६ एप्रिल, रविवार

खांब झाला. कसा झाला ते सविस्तर लिहितो, कारण उरलेले पाच खांब आज ना उद्या हेच मागणार.

वाढईबुवांनी आधी सगळे खांब कुऱ्हाडीच्या तुंब्यानं वाजवून घेतले, मग म्हणाले अख्खा बदलायची गरज नाही. येनाचा गाभा वर ठणठणीत आहे, सडलं ते बुडाचं दोन फूट. ट्रकचा जॅक आणला. मयालीखाली आडवी बल्ली, बल्लीखाली जॅक, जॅकखाली जुना पाटा. एकेक आटा फिरवायचा, थांबायचं, वर कवेलूंचा आवाज ऐकायचा. बोटाचं अर्धं पेर उचललं तेव्हा खांबाचा भार सुटला. बुवा खाली कान लावून बसले होते, हात वर करून "बस" म्हणाले.

बुडाचं अडीच फूट कापून टाकलं. नवा तुकडा सागवानाचा, आमच्याच जुन्या मोडक्या बंडीच्या (बैलगाडीच्या) दांडीचा. वरचा आणि खालचा तुकडा निम्मा-निम्मा कोरून एकमेकांत बसवला आणि आरपार दोन बोल्ट. तुकड्याखाली तळखडा (पायाचा दगड). मूळ तळखडा होताच, पण २०२१ च्या काँक्रीटमध्ये गाडला गेला होता. तो खणून काढला, धुतला, जमिनीपासून चार बोटं वर बसवला. लाकडाला माती लागली नाही पाहिजे, एवढंच त्यामागचं शास्त्र, आणि तेवढंच मी मोडलं होतं. बुडाला जळकं ऑईल दोनदा.

बुवांनी मजुरी बाराशे सांगितली. पंधराशे दिले. जॅकवाल्यानं भाडं घेतलं नाही, पण जॅक परत करताना पोराच्या कॉम्प्युटर क्लासची चौकशी तासभर केली.

काँक्रीटचा पट्टा घणानं फोडला. हात दोन दिवस दुखणार.

१३ एप्रिल, रविवार

माती भिजवली. वारुळाची माती तीन घमेली, साधी लाल माती दोन, धानाचा कोंडा दोन, बारीक कापलेली तनीस (धानाचा पेंढा) एक, शेण एक. असे सहा वाफे. पाच-सात दिवस ओलं ठेवून रोज तुडवायचं. तनीस कुजून चिकट होते तोवर हात लावायचा नाही. मोठ्या आईनं येऊन वास घेतला आणि पाणी कमी म्हणाली. ती अंदाजानं सांगते, मी घमेली मोजतो, आणि दर वेळी तिचंच बरोबर निघतं.

२० एप्रिल, रविवार

चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर. पहाटे पाचला सुरुवात, नऊला बंद. पुन्हा साडेपाच ते अंधार. भिंतीची पडलेली जागा आधी विटेच्या तुकड्यांनी आणि मातीच्या गोळ्यांनी भरली, मग छाबली. छाबणीला मोठी आई आणि शेजारची काकू. दोघींचे तळवे भिंतीवर असे फिरत होते की माझ्या थापीनं केलेला भाग लांबूनही ओळखू यावा. तो भाग खोलीच्या कपाटामागं येतो हे बरं.

उन्हात पटकन सुकली की तडकते. म्हणून पोती ओली करून दिवसभर भिंतीवर टांगली.

१ मे, गुरुवार

सुट्टी. बोडीचा गाळ. काल अक्षय तृतीया झाली, आज जेसीबी आला. तासाचे बाराशे.

बोडी म्हणजे आमच्या शेताचा जीव. गावचा मोठा तलाव मालगुजारी काळातला. पूर्व विदर्भात असे तलाव साडेसहा हजारांवर आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या अमलात बांधायला घेतलेले. आमची बोडी म्हणजे त्यांचं शेंडेफळ, पाऊण एकराची. पण सप्टेंबरात पावसानं दडी मारली आणि धान गर्भात असला की हीच एका पाण्याला धावून येते. एक पाणी म्हणजे घरचं खाणं की विकत आणणं, एवढा फरक.

चाळीस ट्रॉल्या गाळ निघाला. काळा, वासाला गोड, सुकला की ढेकळं. तो खालच्या तीन बांध्यांत पसरला. शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे ती धरणं-तलावांसाठी. आपल्या बोडीला आपलाच खिसा. चुलतभावानं जेसीबीवाल्याला एक गोष्ट तीनदा बजावली: मूळची कडक जमीन लागली की थांब. हावरेपणानं खोल खोदलं की तळाची चिकण फुटते आणि मग बोडीत पाणी राहतच नाही. पलीकडच्या शिवारात एकाची तशी झाली आहे. पोळ्यापर्यंत भरते आणि दिवाळीला कोरडी.

पाळीवर (बोडीच्या बांधावर) बेशरम, म्हणजे ते चिवट झुडूप, माजला होता. तो कापून भागत नाही, कांडं पडलं तिथं पुन्हा रुजतं. मुळासकट उपटून पाळीबाहेर खडकावर उन्हात टाकला. वाळला की जाळायचा. मुळं निघाली तिथं घुशीची बिळं सापडली, तीन. एकात हात कोपरापर्यंत गेला. बीळ नुसतं तोंडाशी बुजवलं तर पाणी आतून वाट काढतं. त्यामुळं पाठ धरून खणत गेलो, शेवट सापडेपर्यंत. मग काळी चिकण ओली करून थराथरानं भरली आणि धुमसानं धुमसली. सलंगाचे (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचे) दोन दगड सरकले होते ते बसवले. तुडुमाची (पाणी सोडायच्या तोंडाची) लाकडी दट्टी नवी लागणार, बुवांना सांगितलं.

११ मे, रविवार

काम बंद. काल सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, एकाच दिवशी. आमच्याकडून फार लांब नाही. सकाळी फळीवर (तेंदूपत्ता गोळा करायच्या जागी) पुडे मोजायला बाया आल्या त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. सत्तर पानांचा एक पुडा, त्या पैशावर जूनचं बियाणं आणि पोरांच्या वह्या. उद्या जाणार का, असं एकीला विचारलं. "जाऊ नाही तं काय करू भाऊ?"

बोडीवरचं उरलेलं काम सकाळी आठनंतर आणि चारच्या आत, दोघांपेक्षा कमी माणसांनी नाही. पाळीच्या खालच्या अंगाची झुडपं दहा हातांपर्यंत साफ करायची, म्हणजे दबा धरायला जागा उरणार नाही. हे काम यादीत खाली होतं, आता वर.

१८ मे, रविवार

विहीर. वर्षातलं सगळ्यात कमी पाणी आत्ता असतं, पाच फूट होतं. पंप लावून उपसलं. उतरण्याआधी कंदील पेटवून तळापर्यंत सोडला, दहा मिनिटं ठेवला, विझला नाही. त्याशिवाय कोणाला उतरू देत नाही, मग तो कितीही हसो. कमरेला दोर आणि वर दोन माणसं. गाळ नऊ घमेली, त्यात तीन घागरी, एक चप्पल आणि मोठ्या आईचा १९९० च्या आसपास हरवलेला पितळी गडवा. तिनं तो पदरानं पुसला, आत पाहिलं आणि कोणावर संशय घेतला होता त्याचं नाव घेऊन "बिच्चारी" म्हणाली.

२४ मे, शनिवार

केरळात मान्सून आज पोचला. १ जूनचा तो २४ मेला. गावात ज्याला त्याला घाई सुटली. कवेलू फेरणारे भाऊ आपणहून दारात आले, तेंदू आटोपला होता. यंदा सगळ्यांची छपरं एकदम निघाली आहेत, पहिले तुम्ही म्हणाल तर आत्ता चढतो. चढा म्हटलं.

२५ मे, रविवार

नवतपा (उन्हाळ्यातले तापलेले नऊ दिवस) लागला. छप्पर उघडं आहे आणि मी आभाळाकडे बघून नोंद लिहितोय.

कवेलू फेरणं बाहेरून सोपं दिसतं. एक ओळ उताणी, तिच्या दोन काठांवर पालथी ओळ, की झालं. पण दोघा भावांचं काम पाहत काल दिवसभर खाली बसलो. एक वर, एक शिडीवर. वरचा खालच्या ओळीपासून आड्याकडे (छपराच्या माथ्याकडे) कवेलू काढत जातो. प्रत्येकाला एक फुंकर, एक टिचकी. खणकन बोलला तर उजवीकडे, बद्द बोलला तर खाली. उताण्या कवेलूत वर्षभराचा पाला, चिमण्यांच्या काड्या आणि वांदरांनी टाकलेल्या चिंचा साचून मातीची गादी होते. तीच पाणी अडवते आणि ते काठावरून आत उतरतं. गळती कवेलू फुटल्यानं जेवढी होते त्याहून जास्त या गादीनं होते, असं तो म्हणाला. गाळ खरवडून कवेलू परत ठेवताना वरच्याचं तोंड खालच्याच्या अंगावर चार बोटं येतं का हे तो डोळ्यानं पाहत नाही, अंगठ्यानं मापतो.

वर चढायचा हट्ट मीही केला. बांबूवर पाय ठेव, कवेलूवर नको, एवढंच सांगितलं होतं. तीन कवेलू फोडले आणि खाली आलो. आठ विंचू निघाले, दोन पाठीवर पिल्लं घेतलेले. कामट्या पंचवीस बदलल्या. बुरडाकडून आणलेल्या, आठ दिवस बोडीच्या उरलेल्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या. पाण्यातल्या बांबूला किडा उशिरा लागतो.

दुपारी तीनला पूर्वेकडून काळं आलं. दक्षिणेचा उतार अर्धा उघडा. ताडपत्री टाकली, चौघं कोपरे धरून बसलो. वीस मिनिटं वारा, पाच थेंब, झालं.

३१ मे, शनिवार

छप्पर पूर्ण. मान्सून सोमवारीच, २६ ला, मुंबईत पोचला, टीव्हीवर पाण्यातल्या गाड्या. आपल्याकडे धूळ. आड्यावरचे मोठे कवेलू चुना-मातीत बसवले. वांदरांसाठी चिंचेकडच्या बाजूला बाभळीच्या काट्या पसरल्या. उपाय जुनाच आहे. वांदरं आठवडाभर बिचकतात, मग काट्या उचलून बाजूला ठेवतात. खोटं नाही, पाहिलंय.

खर्च आजपर्यंत: जेसीबी आणि ट्रॅक्टर १४,२००, छप्पर मजुरी ९,६००, वाढई १,५००, बाकी किरकोळ ३,०५०. एकूण २८,३५०. २०२१ च्या सिमेंटला एकट्याला एकतीस हजार लागले होते. ती पावती अजून डायरीत आहे.

८ जून, रविवार

मृग लागला, थेंब नाही. गेल्या महिन्यात सगळे घाईवर होते, आता सगळे आभाळाकडे बघतात. ज्यांनी मुंबईचा पाऊस पाहून धानाचे पऱ्हे (रोपांसाठी बी) टाकले, त्यांचे चिमण्या खातायत. चुलतभाऊ थांबला. "मुंबईचं पानी मुंबईले," म्हणाला.

वेळ मिळाला म्हणून वळचणीचं काम हाती घेतलं, ते यादीत नव्हतं. हिशेब साधा आहे. छपराचं क्षेत्र सुमारे ६० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे शंभर मिलिमीटरच्या एका झडीत ६,००० लिटर पाणी दोन वळचणींखाली पडणार, भिंतीच्या पायाशी. पूर्वी तिथं दगडी नाली होती, ती मी काँक्रीटखाली पुरली. आता वळचणीच्या बरोबर खाली, भिंतीपासून अडीच फूट सोडून, हातभर रुंद चर खणला. तळाशी फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे (शेवटी त्याचा उपयोग झाला), वर बद्द कवेलूंचा चुरा, वर गोटे. उतार सांदवाडीतल्या केळींकडे. उतार पाहायला पाण्याची नळी वापरली, डोळ्यावर विश्वास ठेवला नाही. मधल्या अडीच फुटांत मुरूम टाकून बाहेरच्या बाजूला उतरता धुमसला.

भिंतीला चुना. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की खदखदतो. लांब उभं राहायचं, डोळे जपायचे. रात्रभर निवला, फडक्यानं गाळला, चिमूटभर नीळ. दोन हात.

२२ जून, रविवार

आठवड्याच्या मधे पाऊस आला, खरा. पऱ्हे टाकले. छपराला दोन ठिकाणी ठिबक होती, माझे फोडलेले तीन कवेलू जिथं बदलले त्याच्या शेजारी. काठीनं आतून सरकवून बंद केली.

१२ जुलै, शनिवार

८ आणि ९ ला झड लागली तेव्हा मी नागपुरात होतो. तिथं शाळा बंद, रस्त्यांवर पाणी. गावचा फोन लागेना. मंगळवारी रात्री अकराला चुलतभावाचा एकदाचा लागला: "पाळ हाये. घर हाये. झोप."

आज पाहिलं. सपरीपुढं ठेवलेल्या सरळ काठाच्या डब्यात दोन दिवसांचं पाणी वीतभर होतं, मोठेबाबांनी पट्टीनं मोजून भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय, २२ सेंटिमीटर. बोडी सलंगावरून वाहतेय. बिळं बुजवली त्या जागी ओल नाही. मात्र पाळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं आम्ही पाहिलंच नव्हतं, तिथून झिरपा. पाणी स्वच्छ आहे, गढूळ नाही, म्हणजे माती वाहत नाहीये. तरी बाहेरून मातीची पोती रचली, काठी रोवून खूण केली. उन्हाळ्यात खणायचं.

दक्षिणेची भिंत हातानं चाचपली. खाली वीतभर ओली, वर कोरडी. पावसाळ्यात एवढी ओली असायचीच. आतले क्षार पुन्हा फुटलेले नाहीत. चरातून पाणी केळींकडे गेलं, दोन केळी आडव्या झाल्या. उतार जरा जास्तच झाला.

विहिरीत बाहेरचं पाणी शिरलं होतं, वास येत होता. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर, या हिशेबानं ७० ग्रॅम. बादलीत आधी लगदा, मग पाणी, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडून दोरीनं ढवळायचं. तासभर कोणी पाणी काढायचं नाही. मोठी आई घड्याळ घेऊन काठावर बसली.

१३ जुलै, रविवार

सकाळी सहाला छपरावर धबधब आवाज. वांदरं, नऊ-दहा, चिंचेवरून थेट आड्यावर. काट्या कधीच्या खाली पडल्यात. मोठेबाबांनी आतून पाहिलं, खाटेवर आभाळाचा ठिपका पडला होता, त्याखाली गंज (पातेलं) सरकवला आणि मला हाक मारली. उत्तर उतार, आड्याखालची चौथी ओळ, तीन कवेलू. शिडी लावली. या खेपेला बांबूवर पाय ठेवला.